गावातल्या डाळ मिलमध्ये मोठी स्वप्नं आणि नव्या कल्पना कशा रुजवायच्या?

तुरीचं_पोतं (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९.१०
नमस्कार मंडळी. वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या डाळ मिलसाठी हा धागा काढतोय. एकूण १८ माणसं आहेत. निवड-पॅकिंगवर ११ बाया, २ मिलवाले, १ वायरमन, ३ हमाल, १ मुकादम. हंगामात दिवसाला ३० क्विंटल तूर भरडली जाते. संचालकांची इच्छा अशी, की इथल्या माणसांनी स्वतःहून नवं सुचवावं आणि 'आपली डाळ आपल्या नावाने नागपूर-पुण्याच्या घरांत गेली पाहिजे' एवढं मोठं मनात आणावं. सूचनापेटी लावली, तर दोन महिन्यांत तीन चिठ्ठ्या निघाल्या. बैठकीत विचारलं की सगळ्यांच्या माना खाली, आणि एकच उत्तर: 'तुमीच सांगा ना साहेब.'
किती वेळ द्यावा, किती पैसा बाजूला काढावा, आधी काय आणि मग काय, एवढं नेमकं सांगा.

फळा_खडू · सोमवार, रात्री ९.४५
पेटी आधी काढून टाका. कुलूप लागलेल्या पेटीत टाकलेल्या चिठ्ठीचं पुढे काय झालं हे टाकणाऱ्याला कधीच कळत नाही, म्हणून दुसरी चिठ्ठी पडत नाही. शिवाय ज्यांना लिहायची सवय नाही त्यांना पेटी म्हणजे बंद दारच.
त्याऐवजी भिंतीवर ४ बाय ३ फुटांचा काळा पट्टा रंगवा. चार रकाने आखा: काय सुचलं, कोणाला, काय ठरलं, कधीपर्यंत. जागा माठाजवळची घ्या. ऑफिसच्या दाराशी नको, तिथे बाया उभ्या राहत नाहीत. लिहिता येत नसेल त्यांनी चित्र काढावं किंवा व्हॉट्सॲपवर आवाज पाठवावा. फळ्यावर उतरवणाऱ्याने त्यांचेच शब्द उतरवायचे, 'सुधारून' लिहायचं नाही.
नियम एकच, पण तो मोडायचा नाही: सात दिवसांच्या आत तिसऱ्या रकान्यात उत्तर पडलंच पाहिजे. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा आणि कारण लिहा. 'पैसे नाहीत, मार्चनंतर बघू' हेही चालतं. रिकामा रकाना चालत नाही. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली आणि ती आजही चालू आहे. ती टिकली त्यात सुचवणाऱ्याला उत्तर मिळण्याचा वाटा मोठा आहे.
दर शनिवारी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका आणि मगच पुसा.

चाळणी_क्रमांक_दोन · सोमवार, रात्री १०.२०
फळ्याच्या आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे हिशोब उघडा करणं. पोत्यातून नेमकं काय निघतं आणि कुठे सांडतं हे ज्याला माहीत नाही, तो नवं काय सुचवणार? तो चहा-पंख्याचंच सुचवेल, कारण तेवढंच त्याला दिसतं.
काचेच्या पाच बरण्या घ्या. दर सोमवारी एका ढिगातली १० किलो तूर वेगळी भरडा आणि जे निघेल ते बरण्यांत भरून निवडीच्या टेबलावर ठेवा. समजा डाळ ७ किलो २०० ग्रॅम, खंडा (तुटलेली डाळ) ५०० ग्रॅम, चुनी-पावडर (भरडताना पडणारी डाळीची पूड) ८०० ग्रॅम, भुसा १ किलो २०० ग्रॅम, आणि कचरा-काडी व उडालेला ओलावा धरून ३०० ग्रॅम. प्रत्येक बरणीवर वजन आणि त्या दिवशीचा भाव चिकटवा. (ओलावा बरणीत भरता येत नाही. पाचव्या बरणीत कचरा ठेवा आणि वजनातली घट चिठ्ठीवर लिहा.)
मग गणित सगळ्यांसमोर करा. डाळ ११० रुपये किलो आणि चुनी २५ रुपये किलो धरली, तर क्विंटलमागे एक किलो माल चुनीऐवजी डाळीत आला की ८५ रुपये. दिवसाला ३० क्विंटल म्हणजे २,५५० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर ६३,७५०. हा आकडा चुनीच्या बरणीशेजारी खडूने लिहिला, की 'ही पावडर इतकी काहून पडते?' असा प्रश्न आपोआप निघतो. तो प्रश्न निघणं ही सगळ्या कामाची सुरुवात आहे.

तुरीचं_पोतं · सोमवार, रात्री १०.३५
बरण्या जमतील. पण संचालकांना भीती, की भाव दिसला की मजुरी वाढवून मागतील.

चाळणी_क्रमांक_दोन · सोमवार, रात्री १०.५०
मागतीलही. त्यावर बोलावंच लागेल. नफा झाकून ठेवायचा आणि माणसांनी मोठा विचार करावा, या दोन्ही गोष्टी एका छपराखाली नांदत नाहीत. वाटणीचं कोणीतरी पुढे लिहीलच.

बांबूवन · मंगळवार, सकाळी ७.०५
बैठकीत माना खाली का जातात, याचं एक कारण असं की एकाच बैठकीत सुचवायचंही असतं आणि ठरवायचंही. बोललेलं लगेच तोललं जाणार असेल तर माणूस तोंड उघडत नाही.
यावर आपल्याच विदर्भात चांगली पद्धत आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं, बोलायचं, माहिती काढायची. निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावाची ही रोजची सवय आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' एवढी मोठी कल्पना पेलली, ती या सवयीमुळे.
मिलमध्ये हेच करा. दर बुधवारी ४५ मिनिटं अभ्यासगट, त्यात कोणीही 'होणार नाही' म्हणायचं नाही आणि संचालकाने बसायचं नाही. दर दुसऱ्या शनिवारी ठरवायची बैठक. मधले दिवस माहिती काढायला. दोन्ही बैठकी दरीवर (सतरंजीवर) गोल बसून. समोर टेबल-खुर्ची मांडली की ते पुन्हा ऑफिस होतं.
आणि हे मी मनापासून सांगतो: तो वेळ मजुरीत धरा. बाया किलोवर निवड करत असतील तर गेल्या सहा दिवसांच्या सरासरीने त्या ४५ मिनिटांचे पैसे लावा. मजुरी कापून कोणाला स्वप्नं बघायला बोलावू नका.

कोरा_कागद · मंगळवार, सकाळी ८.३०
बांबूवन यांनी सांगितलेली ४५ मिनिटं कशी वापरायची ते लिहितो.
सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्याने कल्पना सांगायच्या, ही पद्धत नावाजलेली असली तरी तिच्यात एक खोट आहे. एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता आपलं विसरतात. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या दोघांनी १९८७ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं: तितकीच माणसं एकेकटी विचार करतात तेव्हा कल्पना जास्त निघतात. गावातल्या मिलमध्ये याला मोठ्या-धाकट्याची भीड, सासू-सून एकाच टेबलावर असणं, हेही जोडलं जातं.
म्हणून आधी गप्प बसून कागदावर. जर्मनीत बेर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये एक रीत मांडली: ६ माणसं, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत १०८ कल्पना. आपल्याकडे ती थोडी हलकी करा: ५ जणांचा गट, प्रत्येकी २ कल्पना, ५ मिनिटं, ५ फेऱ्या. २५ मिनिटांत ५०. शेजारणीच्या कागदावर तिच्याच कल्पनेला पुढे न्यायचं, खोडायचं नाही. उरलेल्या २० मिनिटांत सगळे कागद दरीवर पसरा, प्रत्येकाला तुरीचे ३ दाणे द्या आणि आवडलेल्या कागदावर ठेवायला सांगा. ज्यावर जास्त दाणे ते फळ्यावर.
लिहिता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक गटात शाळेत जाणारी एखादी मुलगी लेखनिक म्हणून बसवा. तिनेही सांगितलं तेवढंच लिहायचं.
प्रश्न मोकळा ठेवू नका. 'काही नवं सुचवा' म्हटलं की काही येत नाही. 'निवडताना हात सर्वांत जास्त कुठे अडतो?', 'चुनीची बरणी निम्मी करायची तर काय करावं लागेल?', असा एकच प्रश्न एका बुधवारी.

वऱ्हाडी_झुणका · मंगळवार, दुपारी १.१५
राजेहो, समदं बरोबर हाये, पण मुकादमाले इसरू नका. बाईनं काही सुचवलं अन् ते जमलं, तं लोकं म्हनतात 'मंग मुकादम इतके दिवस काय पाहत होता?' ह्या भेवानं तो वरचेवर दाबते. त्याले दोष देऊन भागत नाही, त्याची सोय लावा. महिन्याले ३,००० रुपयांचा फंड काढा अन् त्यातले एका वक्ती ५०० रुपयांपर्यंत खर्च कराची मुभा मुकादमाले द्या, कोनाले न इचारता. चाळणीची नवी चौकट, टेबलाले फळी, एखादा बल्ब, इतक्यासाठी संचालकाच्या सहीची वाट पाहाची नाही. अन् 'तुया पाळीतल्या किती गोष्टी लागू झाल्या' हे त्याच्या नावावर लिहा. मंग तोच बायांले इचारत फिरन.
दुसरं, टाइम. संध्याकाळी पाचनंतर बैठक ठेवान तं बायांचं ध्यान चुलीकडं राह्यते. आठवडी बाजाराच्या दिवशी बी नको. लाईन जाते तेव्हाचे वीस मिनिटं वापरा. मिल बंद, सारे बसलेलेच असतात. कागदं अन् पेन्सिलीचा डबा तयार ठेवला पाह्यजे, बस.

तुरीचं_पोतं · मंगळवार, दुपारी २.००
लाईन गेल्यावरची वीस मिनिटं हे फार आवडलं. आमच्याकडे ती कमी नाहीत.
पण एक शंका. फळा, बरण्या, चाळणी हे सगळं सुधारणेचं झालं. मोठं स्वप्न यात कुठे आहे?

पाऊच · मंगळवार, रात्री ८.४०
मोठ्या स्वप्नासाठी वेगळा अर्धा दिवस काढा, वर्षातून एकदा. जूनमध्ये पेरणी, पुढे निंदण, नोव्हेंबरपासून कापूस वेचणी, जानेवारीपासून तुरीचा हंगाम. पोळ्यानंतरचा आठवडा त्यातल्या त्यात मोकळा असतो, आणि पावसाळी दिवसांत वाळवण नसल्याने मिलही संथ असते. पूर्ण दिवसाची मजुरी द्यायची.
चौघींच्या गटाला एकेक रिकामी पांढरी पिशवी आणि मार्कर द्या. सांगा, की तीन वर्षांनंतरची आपली एक किलोची पिशवी काढा. नाव काय, चित्र काय, किंमत किती, कोणत्या दुकानात ठेवली आहे, मागच्या बाजूला कोणाचं नाव, आणि घेणारी बाई शेजारची दुसरी पिशवी सोडून हीच का उचलते. 'कंपनीचं उद्दिष्ट काय असावं' असं विचारलं तर कोणी बोलणार नाही. पिशवी काढायला सगळ्याजणी बसतील.
संचालकांची स्वप्नं बहुतेक वेळा सॉर्टेक्सच्या (रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्राच्या) कोटेशनपाशी थांबतात. निवडणाऱ्या बायांची चुलीपासून सुरू होतात, कारण डाळ शिजवणाऱ्याही त्याच. म्हणून त्याच दिवशी आपली डाळ आणि बाजारातल्या दोन डाळी शिजवून बघा. प्रत्येकी १०० ग्रॅम डाळ, ३०० मिली पाणी, तेवढ्याच तीन शिट्ट्या, तोच कुकर, तीच शेगडी. पिशव्यांवर फक्त क, ख, ग लिहा. कोणती गळली, कोणत्या डाळीचा कण राहिला, रंग, वास, हे त्यांच्याच शब्दांत उतरवा. पिशवीवर काय लिहायचं ते इथून मिळतं.
मग पिशवीवरून उलटं यायचं. ही पिशवी दुकानात दिसायची तर एक वर्ष आधी काय झालेलं असलं पाहिजे? सहा महिने आधी? शेवटी एक पाऊल असं निघालं पाहिजे जे ५,००० रुपयांत आणि १५ दिवसांत होतं. उदाहरणार्थ, पॉलिश न केलेल्या डाळीचे ५० पाऊच भरायचे आणि तालुक्याच्या गावी ओळखीबाहेरच्या ५० घरांत विकायचे. ओळखीच्या घरी नाही. तिथे लोक कौतुकच करतात.
विकायचं म्हटलं की पाऊचवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, किरकोळ कमाल किंमत, बॅच, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, हिरवी खूण, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन लागतो. हे आधी पूर्ण करा.
आणखी एक बारीक जागा सांगते, कारण पहिला प्रयत्न इथेच फसतो. भरताना डाळीची पिवळी पूड पाऊचच्या तोंडाशी आतून चिकटते आणि नेमकी सीलच्या पट्टीत येते. वरून सील पक्कं दिसतं, पण पूड असते तिथे प्लॅस्टिक प्लॅस्टिकला धरत नाही. आठ दिवसांत हवा शिरते, ओलावा शिरतो, मग भुंगे होतात. उपाय साधा: नरसाळ्याची नळी पाऊचमध्ये चार बोटं आत जाईल एवढी लांब घ्या, तोंड कोरड्या कापडाने पुसा, आणि दर २० पाऊचमागे एक बादलीतल्या पाण्याखाली दाबून बघा. बुडबुडा आला की मागचे वीस पुन्हा तपासा.

धानाची_लोंबी · मंगळवार, रात्री ९.३०
कल्पना कुठून येते यावर थोडं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. तिथले दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ वाणाच्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत गेले. त्यातून एचएमटी धान आलं. वेगळी लोंबी अनेकांच्या शेतात असते. ती पोत्यात मिसळू न देता बाजूला ठेवणं हे त्यांचं मोठेपण.
मिलमध्ये याची सोय करता येते. निवडीच्या टेबलावर एक स्टीलचं ताट ठेवा, 'वेगळं दिसलं' म्हणून. काठाला टरफल चिकटलेली डाळ, करपलेला दाणा, अर्धवट फुटलेला, जे काही नेहमीसारखं नाही ते चिमूटभर ताटात टाकायचं. संध्याकाळी लहान पुडीत भरून तारीख आणि ढीग क्रमांक लिहायचा. काठाला टरफल राहिलेले दाणे एकाच ढिगाचे निघाले तर मिलवाला सांगू शकेल, की त्या ढिगाला टरफल सुटण्यासाठी लावतात ते तेल कमी लागलं, की ऊन कमी मिळालं, की तूर घासणाऱ्या रोलचे चरे उथळ पडले. अकरा बायांच्या बावीस डोळ्यांनी रोज बघितलेलं आज भुशात जातं, याचं वाईट वाटतं.

चाळणी_क्रमांक_दोन · बुधवार, सकाळी ६.५०
ताटातून कल्पना निघाली की ती तपासायची कशी, हे लिहिलं नाही तर भांडणं होतील.
समजा कोणी म्हणालं, की रोलवर टाकण्याआधी तूर दोन चाळण्यांनी बारीक-जाड वेगळी करू, पावडर कमी पडेल. विचार बरोबर आहे. मिसळलेल्या तुरीत जाड दाणा जास्त घासला जातो आणि बारीक तसाच सुटतो. पण एका शेतकऱ्याची मारोती वाणाची तूर आणि दुसऱ्याची बीएसएमआर ७३६ वाणाची घेऊन तुलना केली तर काहीच कळणार नाही. एकाच शेतकऱ्याची, एकाच वाणाची, एकाच दिवशीची २ क्विंटल घ्या, नीट मिसळा, दोन समान ढीग करा. तेल दोन्हींना तेवढंच, साधारण क्विंटलला २०० ते ५०० ग्रॅम लागतं, पण जे लावाल ते मोजून. ऊन दोन्हींना एकाच ओट्यावर. दोन ढिगांच्या मध्ये मिल पाच मिनिटं रिकामी चालवा, नाहीतर आधीच्या ढिगाचा माल पुढच्यात मिसळतो. असं तीन वेळा करा आणि कधी जुनी पद्धत आधी, कधी नवी आधी.
त्याआधी एकदा जुन्याच पद्धतीचे दोन ढीग भरडून त्यांच्यात किती फरक पडतो ते बघून ठेवा. नव्या पद्धतीचा फायदा त्या फरकाहून ठळक मोठा असेल तरच 'जमलं' म्हणा. नाही जमलं तर तेही फळ्यावर लिहा, आकड्यांसकट, आणि सुचवणारीचं नाव तेवढ्याच मानाने ठेवा.
एका ठिकाणी मात्र प्रयोग नाही: पट्ट्यावरची जाळी, पॅनल, मोटर, अर्थिंग. तिथली कल्पना आधी वायरमन आणि मशीनवाल्याकडे. भुशाची बारीक धूळ पेट घेते आणि पदर पट्ट्यात जायला क्षण लागत नाही.

बांबूवन · बुधवार, सकाळी ७.३०
वाटणीचं राहिलं होतं. जमलेल्या प्रत्येक कल्पनेला लगेच एक छोटी सारखी रक्कम, १०० रुपये म्हणा. कल्पना लहान की मोठी यावर घासाघीस नको. मोजता येण्यासारखी बचत झाली तर पहिल्या तीन महिन्यांच्या बचतीचा १० टक्के वाटा कामगारांचा. वरचंच गणित घ्या: २,५५० गुणिले २५ दिवस गुणिले ३ महिने म्हणजे १,९१,२५०. त्याचे १० टक्के १९,१२५. निम्मे, म्हणजे साडेनऊ हजारांच्या वर, सुचवणाऱ्याला आणि उरलेल्या १७ जणांना प्रत्येकी सुमारे ५६२. सगळं एकालाच दिलं की 'कल्पना माझी होती' सुरू होतं, आणि सगळं सारखं वाटलं की सुचवणाऱ्याला काही वाटत नाही.
आणि एक कागद संचालकांच्या सहीचा, फळ्याशेजारी चिकटवलेला: कोणाच्याही कल्पनेमुळे कोणाचीही मजुरी जाणार नाही, हात मोकळे झाले तर पॅकिंगला किंवा विक्रीला लावू. समजा एखादीने निवडीचं असं काही सुचवलं की अकराच्या ठिकाणी आठ पुरतात, आणि सोमवारी तिघींना घरी बसवलं. त्या मिलमध्ये पुढे कोणी काही सुचवणार नाही, आणि त्यांचं बरोबरच असेल.

तुरीचं_पोतं · बुधवार, रात्री ९.००
सगळ्यांचे मनापासून आभार. संचालकांशी बोलणं झालं. सहीचा कागद आणि ३,००० चा फंड मंजूर आहे. १० टक्क्यांवर चर्चा चालू आहे, पण बरण्यांवर भाव लावायला होकार मिळाला. क्रम असा धरतोय: पहिला आठवडा सहीचा कागद, बरण्या आणि ताट, दुसऱ्या आठवड्यात फळा, तिसऱ्यापासून बुधवारचा अभ्यासगट. पिशवीचा दिवस पोळ्यानंतर.
फक्त एक विचारतो. पहिल्या बुधवारी कोणता प्रश्न ठेवू?

कोरा_कागद · बुधवार, रात्री ९.२०
चुनीचा नको, तो मिलवाल्यांकडे बोट दाखवतो. पहिल्या दिवशी कोणाच्याच अंगावर न येणारा प्रश्न घ्या: 'निवडीचं टेबल तुम्हीच बनवणार असाल तर कसं बनवाल?' उंची, उजेड, पाठ, भुसा पडायची जागा, सगळ्यांकडे सांगायला काहीतरी असतं, आणि त्यातलं निम्मं ५०० रुपयांत होतं. शनिवारच्या आत एक तरी बदल करून दाखवा.

वऱ्हाडी_झुणका · बुधवार, रात्री ९.४०
अन् टेबलाची उंची मोजाले सुताराले बुधवारीच बोलवा, बाया बसलेल्या असतानी. खाली बसून निवडतात का पाटावर, हे त्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं पाह्यजे.